चौबळ मास्तर आणि त्यांची सरकारी आंघोळ

चौबळ मास्तरांना कुणी सहज म्हणालं, "मास्तर, आज उकाडा फार," की त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "कुठून कुठवर?"

समोरचा माणूस गोंधळून जाई. उकाड्याला कुठून कुठवर काय असायचं? मग मास्तर चष्मा कपाळावर सरकवत, दोन्ही हातांची बोटं समोर धरत, एक वर आणि एक खाली, आणि सांगू लागत की उकाडा नुसता असा नसतोच. कालच्यापेक्षा आज, की ओतूरपेक्षा जुन्नरला, की सावलीपेक्षा उन्हात, ते आधी ठरवा. दोन जागा दाखवा, मग काय तो फरक बोला. तोवर त्या बिचाऱ्याला आठवण होई की आपण एक पोस्टकार्ड घ्यायला आलो होतो, आणि घरी पानं वाढून झाली असतील.

मी तेव्हा जुन्नरच्या पोस्टात टपालाच्या खिडकीवर कारकून होतो. राणीच्या मुखड्याची तिकिटं संपत आली होती आणि राजाच्या मुखड्याची नुकतीच आली होती. टपाल आणि तार एकाच छपराखाली, मध्ये कमरेएवढा लाकडी कठडा. कठड्याच्या अलीकडे मी आणि पोस्टमास्तर वझे, पलीकडे तारमास्तर विनायकराव चौबळ. त्यामुळे मास्तरांचं सगळं बोलणं माझ्या कानांवरून गेलं आहे. त्याची भरपाई सरकारने मला कधी दिली नाही.

माणूस उंच, मान लांब, कोट गळ्यापर्यंत बंद. बोटं मात्र निळी. तारेला लागणारी वीज तेव्हा मडक्यांत तयार होत असे. मडक्याच्या तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचूद, मोरचुदावर ओला भुसा आणि सगळ्यांत वर जस्ताचा गोळा. अशी पंधरा मडकी मास्तरांच्या मागच्या फळीवर ओळीने मांडलेली होती. त्यांची धुणी, पुसणी, भरणी मास्तर स्वतः करत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्या मोरचुदाने त्यांची बोटं कायमची निळी झाली होती, आणि लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारचं पान बरेचदा रिकामं राहत असे. मास्तरांना वाटे, लोक मानाने अंतर ठेवतात.

त्यांच्या शास्त्राचा गाभा मला आजही तोंडपाठ आहे. खिडकीतून शिवनेरी दिसे. तिच्याकडे निळं बोट करून ते विचारत, "किल्ला उंच आहे?" समोरचा म्हणे, आहे. "कुठून? इथल्या बाजारातून ना? हरिश्चंद्रगडावर बसलेल्याला विचारा, तो म्हणेल शिवनेरी खड्ड्यात आहे. तसंच व्होल्टचं. एका टोकाला व्होल्ट नसतो. व्होल्ट म्हणजे दोन टोकांमधला फरक. एका मडक्याच्या तळापासून माथ्यापर्यंत एक व्होल्ट. पंधरा मडकी एकापुढे एक जोडली की पंधरा. आता शिवनेरीवर जेवढं चढलात तेवढंच उतरल्याशिवाय बाजारात परत येता येईल का? नाही ना? मग मडक्यांनी जेवढा दाब चढवला तेवढा वाटेत उतरलाच पाहिजे. काही तारेत उतरेल, काही पलीकडच्या यंत्रात. बेरीज जुळली पाहिजे. नाही जुळली तर वाटेत कुठेतरी खोट आहे."

हे सगळं खरंच होतं, आणि सांगायचे ते चांगलं. पण चांगलं सांगता येतं हे ज्या माणसाला कळलं, त्याच्यापासून देवाने बाकीच्यांचं रक्षण करावं.

कुणी हुशार गिऱ्हाईक विचारी, "मास्तर, खांबावर तार तर एकच. वीज नारायणगावला जाते, मग परत कुठनं येती?" मास्तर या प्रश्नाची वाटच बघत असत. पायाने जमिनीवर दोनदा थाप मारून म्हणत, "हिच्यातून. इथे एक तांब्याचा पत्रा पुरलाय, नारायणगावला एक पुरलाय. परतीची वाट जमिनीतून. आणि जमिनीचा दाब किती? शून्य. ते मोजायचं नसतं, धरायचं असतं." हे शेवटचं वाक्य त्यांचं फार आवडतं होतं. ते वाचकांनी ध्यानात ठेवावं. मास्तरांनीही ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

दाखवण्यासाठी ते मडक्यांच्या दोन तारा बाहेर काढून ठेवत आणि आल्यागेल्याला जिभेला लावायला सांगत. जिभेला मुंग्या येत आणि आंबूस चव लागे. अर्ध्या जुन्नरने ती चव घेतली होती. एकदा कापडाचे व्यापारी हिराचंदशेठ तार करायला आले. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठ बोलायला आमच्यापेक्षा अस्सल जुन्नरकर. मास्तरांनी तारा पुढे केल्या.

शेठ मागे सरले. "मास्तर, आज चौदस. उपास आहे माझा."

"अहो, मी काही खायला घालत नाही. एका तारेने येतं, दुसऱ्या तारेने जातं. तुमच्यापाशी राहत काहीच नाही."

"पण चव लागती ना?"

"लागते."

"मग जिभेनं घेतलं म्हणायचं."

मास्तर पेटले. त्यांनी शेठना एकच तार जिभेला लावायला लावली. चव नाही. दुसरी एकटी लावायला लावली. तीही बेचव. "बघा! एकट्या टोकाला काही नाही. दोन्ही लावाल तेव्हाच व्होल्ट."

शेठनी तोंड पुसलं आणि शांतपणे निकाल दिला, "म्हणजे एका तारेनं उपास मोडत नाही, दोन तारांनी मोडतो." तो निकाल संध्याकाळच्या आत सगळ्या पेठेत गेला. पुढे उपासाच्या दिवशी लोक मास्तरांना दुरूनच सांगू लागले, "आज एकच तार, मास्तर!"

त्यांच्या या फरकाच्या वेडाचा खरा चटका बसला तो वझ्यांना. वझे म्हणजे ऑफिसचे मुख्य. त्यांच्या खुर्चीला हात होते, मास्तरांच्या खुर्चीला नव्हते. शिवाय वझ्यांची खुर्ची चार बोटं उंच. मास्तरांनी एके सकाळी आपल्या खुर्चीच्या पायांखाली विटा घातल्या. दुसऱ्या दिवशी वझ्यांच्या खुर्चीखाली पाट आला. मग इकडे आणखी विटा. अखेरीस मास्तरांचे गुडघे टेबलाच्या वर आले आणि यंत्राची किल्ली दाबायला त्यांना पाण्यात वाकल्यासारखं वाकावं लागू लागलं. तरी विटा निघाल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मला उंची नको आहे. मला फरक नको आहे." मात्र हा नियम ते फक्त वरच्या दिशेने पाळत. खालच्या दिशेचा फरक त्यांना चालत असे.

खालच्या दिशेला होता धोंडिबा. धोंडिबा आमचा लाइनमन, राहणारा डिंगोऱ्याचा. जुन्नरपासून नारायणगावपर्यंतची तार त्याच्या अंगावर. खांब लोखंडी. तो रस्त्याने चालत जाई, खांबावर चढून सांधे बघे, फांदी अडकली असेल तर तोडे, पतंग गुंतला असेल तर काढे. अंगात खाकी कोट आणि छातीवर पितळी बिल्ला. त्या बिल्ल्यावर त्याचा फार जीव. डिंगोऱ्यात सरकारी बिल्ला असलेला तो एकटाच. त्या बिल्ल्याकडे बघून थोरल्या पोरीला ओतुरात स्थळ मिळालं होतं आणि लग्न ज्येष्ठात ठरलं होतं. मास्तर त्याला कधी बस म्हणत नसत. तो कठड्याला टेकून उभा राही आणि मास्तर विटांवरून त्याच्याशी बोलत.

मास्तरांच्या आयुष्यात एकच इच्छा होती, पुण्याच्या मोठ्या तारघरात बदली. तिथली एक जागा रिकामी होणार असं कळलं तेव्हा त्यांनी एक निबंध लिहून वर पाठवला. विषय होता, खांबावर न चढता केवळ आकडेमोडीने तारेतला बिघाड शोधण्याची रीत. खांबावर न चढता, हे शब्द त्यांनी मला दोनदा वाचून दाखवले. वरून उत्तर आलं की वैशाखाच्या शेवटी साहेब स्वतः येतील आणि रीत बघतील.

मास्तर विजेचा हिशेब इंग्रजीत करत, पण नवस त्यांनी मराठीतच केला. बदली व्हावी म्हणून त्यांनी वैशाखस्नानाचा नेम धरला. महिनाभर रोज पहाटे जोडीने कुकडीवर जायचं, नदीत आंघोळ करायची, तिथेच धुणं धुवायचं आणि ओलेत्याने मारुतीला प्रदक्षिणा घालून घरी यायचं. घर म्हणजे ऑफिसच्याच मागच्या दोन खोल्या. परसात न्हाणीचा दगड आणि न्हाणीच्या पाण्यावर मास्तरांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, अळू. हे अळू सगळ्या आळीत नावाजलेलं होतं. दर चार दिवसांनी माझ्याकडे त्याची भाजी येई, आणि मास्तरांबद्दल माझं मत काहीही असलं तरी ती भाजी मी कधी परत पाठवली नाही.

वैशाख लागून आठवडा झाला असेल नसेल, तोच तार मंदावली. आमचं बोलणं नारायणगावला नीट पोचेना. तिथला मास्तर पुन्हा पुन्हा विचारी. यंत्रावरचा काटा जिथे उभा राहायचा तिथून निम्म्यावर येऊन पडू लागला. दुसरा कुणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. आमचे मास्तर आनंदाने विटांवरून उतरले. साहेब यायच्या ऐन आधी परीक्षेचा प्रश्न घरपोच आला होता.

कागद घेऊन बसले. मडकी तपासली, पंधराच्या पंधरा ठीक. तळापासून माथ्यापर्यंत काटा बरोबर. तार किती लांब, तिच्यात किती दाब उतरावा, नारायणगावच्या यंत्रात किती, सगळं मांडलं. जमीन शून्य धरली. बेरीज काही केल्या जुळेना. निम्मा दाब कुठेतरी मध्येच उतरत होता. "एक सांधा गंजलाय," मास्तरांनी जाहीर केलं. "आणि तो नारायणगावच्या नदीपाशी आहे."

"नदीपाशीच कशावरून?" मी विचारलं.

"तिथला सांधा गेल्या वर्षी वादळानंतर धोंडिबाने स्वतः बांधलाय."

आकडेमोडीत हा आकडा कुठल्या रकान्यात बसतो, ते मला समजलं नाही.

धोंडिबा गेला, बघून आला. सांधा लखलखीत होता. मास्तरांनी पुन्हा हिशेब केला आणि पुन्हा तेच उत्तर आलं, कारण बेरीज तीच होती. धोंडिबाला पुन्हा पाठवलं. मग मधले सगळे खांब बघायला पाठवलं. वैशाखाच्या उन्हात लोखंडी खांबाला हात लावून बघावा म्हणजे कळतं. तो पटका हातांना गुंडाळून चढत होता, तरी तळव्यांना फोड आले. इकडे काकू रोज परसातून ओरडत, "अहो, अळू वाळत चाललं! पाणक्याचं पाणी प्यायलाच पुरत नाही!" आणि मास्तर आतून ओरडत, "मी सरकारी कामात आहे!"

शेवटी धोंडिबा कठड्याशी येऊन म्हणाला, "मास्तर, एक बी सांधा खराब न्हाई. मी समद्यावर हात फिरवून आलो. तार चांगली हाय."

"तार चांगली असती तर हिशेब जुळला असता. हिशेब चुकत नाही. माणूस चुकतो."

"म्हंजी मी खोटं बोलतुय?"

"तू खांबावर चढलाच नाहीस. झाडाखाली झोपून परत आलास."

धोंडिबाने पटका सोडून दोन्ही तळहात पुढे केले. मास्तरांनी बघितले नाहीत. ते कागदावर बघत होते. मला त्या क्षणी त्या माणसाचा मनापासून संताप आला, आणि तो मी वझ्यांपाशी बोलूनही दाखवला. वझे म्हणाले, "तुम्ही कशाला मध्ये पडता? मास्तरांना पुण्याला जाऊ दे. खुर्च्या तरी खाली येतील." त्याच दिवशीच्या टपालाने मास्तरांचा अहवाल वर गेला. लाइनमन कामात कुचराई करतो, खोटं सांगतो, त्याला काढून टाकावं. साहेब येतील तेव्हा रीतही बघतील आणि धोंडिबाचा निकालही लावतील, असं ठरलं.

साहेब आले ते टांग्यातून, धुळीने माखून आणि वैतागून. त्यांच्यासाठी म्हणून पाणक्याने त्या दिवशी जादा हंडे आणून परसात ठेवले होते. साहेबांनी फक्त तोंड धुतलं. खुर्चीवर बसून धोंडिबाकडे बोट करत विचारलं, "यही वो आदमी है?" आणि मास्तरांना म्हणाले, "चला, थोडक्यात सांगा."

मास्तर थोडक्यात सांगू लागले, म्हणजे शिवनेरीपासून सुरुवात केली. धोंडिबा कठड्याशी उभा. कोट धुऊन घातलेला. बिल्ला मात्र त्याने काढून टेबलावर ठेवला होता, मागितल्यावर देण्यापेक्षा आधीच दिलेला बरा म्हणून. मला दारातच म्हणाला होता, "भाऊ, ह्यो गेला तर जेठात लगीन व्हत न्हाई बघा. त्यांनी बिल्ला बघूनच व्हय म्हटलंय."

मास्तरांनी किल्ली दाबून धरली. "पाहा साहेब, काटा निम्म्यावर. पंधरा व्होल्ट इथे चढतात, त्यातले..." असं म्हणत ते आकडे सांगत गेले. साहेबांनी कागद ओढून लेखणी शाईत बुडवली. धोंडिबाचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं.

आणि काटा हलला.

मी कठड्यापाशी होतो, मला स्वच्छ दिसलं. काटा निम्म्यावरून सावकाश वर सरकू लागला. कुणी काही केलं नव्हतं. मास्तरांचा हात किल्लीवर तसाच होता. आकडे सांगताना त्यांचा आवाज तुटला. त्यांनी काट्याकडे बघितलं, मडक्यांकडे बघितलं, मग यंत्रापासून भिंतीतल्या भोकातून परसात जाणाऱ्या तारेकडे. जमिनीच्या तारेकडे. ती त्यांनी जन्मात कधी बघितली नसावी. त्यांनी मला किल्ली धरायला खूण केली आणि ते उठून मागच्या दारात गेले.

परसात काकू उरलेले हंडे अळवावर उपडे करत होत्या. कुणी एका जुन्या मास्तराने आळशीपणाने म्हणा, शहाणपणाने म्हणा, तांब्याचा पत्रा न्हाणीच्या कडेला अळवात पुरला होता, कारण तिथली माती बारा महिने ओली. ओली होती ती चौबळ कुटुंबाच्या आंघोळीने. महिनाभर आंघोळ कुकडीवर गेली आणि इथली माती हाडासारखी कोरडी पडली. परतीची वाट आटली. दाब उतरत होता तो नारायणगावच्या नदीपाशी नव्हे, तर मास्तरांच्या न्हाणीत. बदलीसाठी केलेल्या नवसाने तार मंदावली होती.

हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त मागच्या दारात उभे असलेले मास्तर दिसत होते. ते परत आले तेव्हा वझे साहेबांना सांगत होते, "काटा चढला साहेब! म्हणजे सांधा सुधारला. या धोंडिबाने आज कुणाला तरी पाठवून चोरून दुरुस्त करवला असणार. मास्तरांचा हिशेब अचूक." असं म्हणून वझ्यांनी मास्तरांकडे बघितलं. पुण्याचा रस्ता त्यांनी झाडून दिला होता. नुसती मान हलवायची होती.

साहेबांनी मास्तरांना विचारलं, "ऐसा है क्या?"

मास्तरांची मान हलली नाही. त्यांनी टेबलावरच्या बिल्ल्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच, मला वाटतं, धोंडिबाच्या हातांकडे. मास्तरांची लांब मान लाल झाली होती.

"नाही साहेब," ते म्हणाले. "बिघाड सापडला. तो या खुर्चीपासून त्या न्हाणीपर्यंत आहे."

साहेबांना कळेना. मग मास्तरांनी सगळं सांगितलं. स्नान, नवस, अळू, काही वगळलं नाही. सिद्ध करून दाखवल्याशिवाय राहवणार कसं? परसात जाऊन त्यांनी काकूंना आणखी एक हंडा ओतायला लावला आणि मला काट्यावर उभं केलं. काकू ओतत होत्या, मी "चढला, चढला" ओरडत होतो, आणि साहेब कमरेवर हात ठेवून मधल्या दारात उभे होते. "म्हणजे साहेब, माझा हिशेब बरोबरच होता," मास्तर म्हणाले. "निम्मा दाब वाटेत उतरत होता हे मी सांगितलंच होतं. एक टोक फक्त मी मोजलं नाही. शून्य धरलं." एवढं झाल्यावरही बरोबर असण्याची हौस गेली नव्हती.

साहेब इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसवावं लागलं. धोंडिबाने टेबलावरचा बिल्ला उचलून छातीला लावला आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेला.

पुण्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मास्तरांच्या निबंधावर साहेबांनी शेरा मारला की ज्याला घरातला बिघाड सापडत नाही त्याला खांबावरचा शोधायला बसवू नये. पत्रा विहिरीत हलवावा अशी शिफारसही केली, पण तिला मंजुरी यायची होती. तोपर्यंतची सोय म्हणून हुकूम निघाला. तारमास्तराने रोज कार्यालयाच्या मागेच आंघोळ करावी, आणि त्यात खंड पडू देऊ नये. तो हुकूम वझ्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. मंजुरी मी तिथे असेपर्यंत आली नाही.

मास्तरांची आंघोळ अशी सरकारी झाली. ताप असो, सर्दी असो, घागरभर पाणी अंगावर घेतल्याशिवाय इलाज नाही. मामलेदार कचेरीतली माणसं वाट वाकडी करून विचारत, "मास्तर, सरकारी काम झालं का?" कागदाचे गठ्ठे पार्सल करायला येणारे इस्माईलभाई कागदी म्हणाले, "मास्तर, आमी पैसे टाकून हमामात जातो. तुमाला सरकार पगार देतं!" मास्तर घागर उचलून परसात जात. एक गोष्ट मात्र मी बघितली. साहेब गेले त्याच संध्याकाळी खुर्चीखालच्या विटा निघाल्या. त्या त्यांनी परसात नेऊन अळवाभोवती रचल्या.

लोकांना वाटलं, धोंडिबा आता मास्तरांचे पाय धरेल. त्याने धरले नाहीत. मी एकदा त्याला म्हणालो, मास्तरांनी खरं सांगून तुला वाचवलं. तो म्हणाला, "व्हय. पर आदी चोर बी त्यांनीच केलं व्हतं, भाऊ. खरं बोलले, ते त्यांच्या हिशेबासाटी. माज्यासाटी किती, त्ये काय कळत न्हाई." पोरीच्या लग्नाला त्याने सगळ्या ऑफिसला बोलावलं, मास्तरांना नाही. पुढे कामापुरतं दोघं बोलत, तेही यंत्राकडे बघून. मास्तर मात्र त्याला आता रोज "बस" म्हणत. तो उभाच राही.

माझी मंचरला बदली झाली आणि वर्षं गेली. एकदा कचेरीच्या कामासाठी जुन्नरला गेलो तेव्हा उन्हाळाच होता. टांगा पोस्टावरून वळला आणि मी थांबवायला सांगितलं. ऑफिसच्या मागच्या बाजूने मास्तर येत होते. कोट नव्हता, नुसतं धोतर, हातात पाण्याची बादली. पाठ वाकली होती. नोकरीतून ते कधीच मोकळे झाले होते, पण नव्या तारमास्तराला थंड पाणी सोसत नव्हतं आणि मंजुरी अजून आलेली नव्हती. तेव्हा जवळच खोली घेऊन राहिलेले मास्तर रोज येऊन अळवाला पाणी घालून जात.

अळवाच्या कडेलाच तारेचा खांब होता. त्याच्या शेंड्यावर धोंडिबा बसला होता. तोही पिकला होता, पण चढला होता पार वरपर्यंत. छातीवर बिल्ला चमकत होता.

मास्तर खाली थांबले. कपाळावर हात धरून वर बघत म्हणाले, "धोंडिबा, या वयात फार उंच चढतोस रे!"

वरून लगेच आवाज आला. मी त्या दोघांत कामाशिवाय झालेलं तेवढं एकच बोलणं ऐकलं.

"कुठून कुठवर, मास्तर?"

टांगेवाला खो खो हसला. जुन्नरमध्ये ते वाक्य पोराबाळांना पाठ होतं. मला वाटलं, आता मास्तर बोटं वरखाली धरतील आणि शिवनेरी काढतील. त्यांनी बादली खाली ठेवली. मान वर केली.

"माझ्यापासून तुझ्यापर्यंत," ते म्हणाले.

धोंडिबा पुन्हा सांध्याकडे वळला. मास्तरांनी बादली उचलली आणि अळवावर ओतली.